डोळ्यांखालची सूज आणि मेजरांची मिशी

संयोगिताच्या डाव्या डोळ्याखालची सूज उजव्या डोळ्याखालच्या सुजेपेक्षा किंचित मोठी असे. फरक फार नव्हता; ज्वारीच्या दाण्यात आणि तुरीच्या दाण्यात असतो तेवढाच. पण ती शिराळ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होती आणि दोन गोष्टींत फरक दिसला की त्याचं कारण शोधल्याशिवाय तिला चैन पडत नसे. इथे कारण सोपं होतं. माणूस ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूला शरीरातलं पाणी उतरतं. ती डाव्या कुशीवर झोपायची. आणि डाव्या कुशीवर अशासाठी, की उजवीकडे हंबीरराव असायचे.

खरं तर झोपायची हा शब्द इथे बरोबर नाही. ती नुसती पडून राहायची. झोपायचे ते हंबीरराव.

सुभेदार हंबीरराव फौजेतून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांनी दोन ट्रंका, एक होल्डॉल आणि घोरणं एवढं सामान सोबत आणलं होतं. त्यांच्या घोरण्याची तऱ्हा उसाच्या ट्रॅक्टरसारखी होती. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर एका लयीत चालतो, चढ लागला की गिअर बदलून गुरगुरतो आणि ऐन चढावर एकदम बंद पडतो, तसं ते चाले. बंद पडल्यावर शांतता व्हायची, पण त्या शांततेत संयोगिताला जास्तच जाग यायची. ट्रॅक्टर पुन्हा सुरू होतोय की नाही, इकडे तिचे कान लागलेले असत. तो सुरू झाला की तिला हायसं वाटे, आणि मग सुरू झाल्याचा त्रास होई.

तिने या गोष्टीची शास्त्रशुद्ध खातरजमाही केली होती. एका जुन्या सोबत्याच्या मुलीचं लग्न होतं म्हणून हंबीरराव लोणंदला जाऊन राहिले, तेव्हा तिच्या डोळ्यांखालची सूज पार उतरली. ते परत आले, सूजही परत आली. बाकी जेवणखाण, उशी, पंखा, सगळं तेच होतं. बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती आता दारात उभी राहून लोणंदचा कांदा कसा मिळाला ते सांगत होती.

यावरचा उपायही तिला ठाऊक होता. वरची खोली रिकामी होती. मुलगा शंभूराज पुण्याला नोकरीला लागल्यापासून त्याचा पलंग तिथे तसाच पडून होता. जिना चढून जायचं, दार लावायचं आणि झोपायचं. पण त्याआधी एक वाक्य बोलावं लागणार होतं, आणि ते तिच्या तोंडून निघत नव्हतं.

कारण हंबीरराव सीमेवर असताना ती त्यांना फोनवर नेहमी एक गोष्ट सांगायची. तुम्ही जवळ नसलात की मला झोप लागत नाही. ते तेव्हा अगदी खरं होतं. हंबीररावांनी ते वाक्य बर्फात जपून ठेवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना पुण्यातल्या एका कंपनीत सुरक्षा अधिकाऱ्याची चांगली नोकरी चालून आली होती, ती त्यांनी नाकारली. गल्लीत त्यांचा सत्कार झाला तेव्हा हार गळ्यात असतानाच ते म्हणाले होते, ‘‘लोकं इचारत्यात पुण्याची नोकरी का न्हाई धरली. आमच्या बाईंनी लय वर्षं जागून काढली. आता त्यांना झोप लागू द्या की.’’ बायकांनी डोळ्यांना पदर लावला होता. अशा माणसाला आता जाऊन काय सांगायचं?

म्हणून ती गप्प होती. आणि एका सकाळी परेडला उभ्या केलेल्या शिपायाचे बूट बघावेत तसे हंबीररावांनी तिचे डोळे बघितले.

‘‘हे काय झालंय?’’

‘‘वय झालं,’’ ती म्हणाली.

वय हे कारण हंबीररावांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक बिघाडाला एक कारण आणि एक हुकूम असतो. त्यांनी फोनवर वाचायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत घरातलं मीठ बंद झालं. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, हे संयोगिताने स्वतः वर्गात शिकवलेलं असल्यामुळे तिला विरोध करता येईना. लोणचं, पापड, खर्डा वरच्या फळीवर गेले. हंबीररावही तेच जेवत. बायको एकटी अळणी खाणार आणि आपण खर्डा खाणार, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांच्या आई बनुबाईंनी पहिला घास घेतला आणि ही आमटी हाय का अंघोळीचं पाणी, असं विचारलं. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चंचीत पान-तंबाखूशेजारी आता जाडं मीठही असायचं, हे संयोगिताने पाहिलं होतं. दोघी एकमेकींकडे बघत नसत.

मिठाने फरक पडेना तेव्हा शेजारी सल्ला विचारण्यात आला. शेजारी इलाही राहायचे. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच होती. इलाहींचं गाद्यांचं दुकान होतं आणि जगातल्या निम्म्या आजारांचं मूळ गादीत असतं, असं त्यांचं मत होतं. उरलेल्या निम्म्यांचं उशीत. ते म्हणाले, मेजर, डोकं उंच पायजे, म्हंजे पाणी खाली उतरतं. (शिराळ्याकडे फौजेतला कुणीही गडी मेजरच असतो, सुभेदार म्हणून त्यांना हाक फक्त पेन्शनच्या कागदावर मिळे.) हेही शास्त्राला धरूनच होतं. पण एक उशी वाढवण्यावर हंबीररावांचं समाधान कसं व्हावं? त्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा रचल्या. उतार चांगला झाला. घर्षण कमी पडलं. सकाळी दोघं नवरा-बायको पलंगाच्या पायथ्याशी गोळा झालेले असत, आणि बनुबाई चहा घेऊन आल्या की तोंड फिरवून उभ्या राहात.

मग अख्तरबींचा उपाय आला. अख्तरबी म्हणजे इलाहींची बायको. त्यांच्या पुण्याच्या सुनेने, नौशीनने, सांगितलं होतं की चहाच्या थंड पिशव्या डोळ्यांवर ठेवल्या की सूज उतरते. चहामुळे रक्तवाहिन्या आकसतात, हे संयोगितालाही पटलं. अडचण अशी की त्या गल्लीत चहाच्या पिशव्या कुणाकडेच नव्हत्या. तिथे चहा म्हणजे पातेल्यात साखर, आलं, दूध घालून उकळलेला. अख्तरबींनी त्याचाच चोथा फडक्यात बांधून दिला. हंबीरराव बाजारात गेले होते, घर शांत होतं, आणि डोळ्यांवर दोन गार पुरचुंड्या ठेवून संयोगिता पडली ती गाढ झोपली. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. जाग आली ती मुंग्या चावल्यामुळे. साखरेचा माग काढत त्या रांगेने उशीवर आल्या होत्या. सूज थोडी उतरली होती खरी, पण चहाचा रंग कातडीत बसला होता आणि दोन्ही डोळ्यांखाली तपकिरी चंद्रकोरी उमटल्या होत्या. टॅनिनचा डाग साबणाने जात नाही, हे तिने वर्गात अनेकदा सांगितलं होतं. ते खरं निघालं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये ती आली तेव्हा बोलणं थांबलं. दुपारी तिने नववीचं पुस्तक उघडलं तर आत महिला हेल्पलाइनचं कार्ड होतं. संध्याकाळी हंबीरराव तिला न्यायला स्कूटरवर आले, तेव्हा मराठीच्या बाई त्यांच्याकडे अशा नजरेने बघत उभ्या राहिल्या की हंबीररावांनी आपोआप सॅल्यूट केला. घरी जाताना ते म्हणाले, तुमच्या शाळेत डिसिप्लिन चांगली हाय.

एवढ्यावर थांबलं असतं तर संयोगिताने तेही गिळलं असतं. पण शाळेत नव्यानेच चेहरा दाखवून हजेरी लावायचं यंत्र आलं होतं, आणि ते यंत्र तिला ओळखेना. सकाळी ती त्याच्यासमोर उभी राहिली की ते म्हणे, नोंद सापडत नाही. दुपारी सूज उतरली की ते तिला ओळखायचं, आणि म्हणून तिचा रोज अर्धा दिवस गैरहजेरीत जाऊ लागला. तिने क्लार्कला गाठलं. क्लार्कने तोडगा काढला आणि तिचा सुजलेला चेहरा नव्याने नोंदवला. आता यंत्र तिला सकाळी आनंदाने आत घेई आणि संध्याकाळी बाहेर सोडायला तयार नसे. सरकारी भाषेत ती शाळेतच मुक्काम करत होती. मुख्याध्यापकांनी तिला वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. तेही म्हणाले, बाई, तुम्ही तुम्हीच आहात हे मला दिसतंय, पण मला दिसून काय उपयोग, डॉक्टरांचा दाखला आणा.

म्हणून मिरजेची वारी निघाली. हंबीररावांनी आदल्या दिवशी जुनी मारुती धुतली. मिरजेला त्यांची बहीण राहायची, तिच्याकडे थोडे दिवस जाऊन राहावं म्हणून बनुबाईही निघाल्या. पुढच्या सीटवर, काठी दोन गुडघ्यांत धरून, गल्लीला हात करत त्या गेल्या. सगळ्यांनी पाहिलं.

बहिणीने आईसाठी चार पायांची नवी काठी आणून ठेवली होती. जुनी परत न्या, इथं पायात येईल, असं म्हणून तिने ती हंबीररावांच्या हातात दिली. बनुबाईंना तिथेच ठेवून दोघं डॉक्टरांकडे गेले.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मीठ, थायरॉइड, किडनी, चष्म्याचा नंबर असं सगळं नीट विचारलं, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘झोप लागते का?’’

संयोगिताने नवऱ्याकडे पाहिलं. हंबीरराव तिच्याकडे अशा भरवशाने बघत होते, की तपासणीच्या या एका विषयात तरी आपल्या घराला पैकीच्या पैकी मिळणार.

‘‘चांगली लागते,’’ ती म्हणाली.

‘‘तुम्ही घोरता का? काही जणांना स्वतःला कळत नाही.’’

‘‘आजाबात न्हाई,’’ हंबीरराव मध्येच म्हणाले. ‘‘मी शेजारीच असतो. आजवर कवा आवाज आल्याला न्हाई.’’

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. दाखल्याचं म्हणाल तर, हा चेहरा याच बाईंचा आहे असं मी कसं लिहू, मी त्यांना आजच बघतेय, असं त्यांचं म्हणणं पडलं. सूज तात्पुरती आहे एवढंच त्यांनी लिहिलं. उठता उठता त्यांनी आणखी एक सहज विचारलं. घरात कुणी केसांना कलप लावतं का? कलपाची ॲलर्जी असते काहींना, एका उशीवरून दुसऱ्याला बाधते. पुढचे काही दिवस कलप लावू नका म्हणजे कळेल.

हंबीररावांचा चेहरा उतरला. त्यांचे केस काळे कुळकुळीत होते आणि मिशी त्याहून काळी. डोक्यापेक्षाही मिशी त्यांना प्यारी होती. दोन्ही बाजूंना वर वळलेली ती मिशी गल्लीतली पोरं लांबून ओळखायची.

मग डोळे आतून तपासायचे म्हणून संयोगिताच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून तिला बाहेर बाकावर बसवलं. डोळे मिटून ती बराच वेळ बसली. उघडले तेव्हा जवळचं सगळं धूसर होतं, आणि तिच्या शेजारी एक अनोळखी टकला माणूस तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. तिने झटक्यात पर्स ओढली.

‘‘आगं, मी हाय,’’ तो माणूस हंबीररावांच्या आवाजात म्हणाला.

ते समोरच्या सलूनमध्ये जाऊन डोकं आणि मिशी दोन्ही काढून आले होते. नुसता कलप बंद करून भागलं असतं, डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं, असं ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले, लावल्याला कलप हायच की केसांत. अर्धं काम करायची आपल्याला सवय न्हाई. मिशीच्या जागेची कातडी गोरी आणि कोवळी होती, आणि ते ती सारखी बोटाने चाचपत होते. संयोगिताला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण थेंबांमुळे डोळ्यांतून पाणी वाहत होतं, काळा चष्मा लावायला दिला होता, आणि मागून रक्त द्यायला कुणीतरी हाका मारत होतं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होते.

आता शिराळ्याच्या गल्लीत दिवेलागणीला काय दिसलं, ते सांगितलं पाहिजे. मारुती आली. पुढच्या सीटवर बनुबाई नव्हत्या. हंबीरराव उतरले ते डोक्याचा गोटा आणि मिशी काढलेले. त्यांच्या हातात आईची काठी होती. मागून बाई उतरल्या, अंधार पडत असताना काळा चष्मा लावलेल्या, रुमालाने डोळे टिपत. दोघं एकमेकांशी न बोलता घरात गेले.

आपल्याकडे मुलाने डोकं आणि मिशी एकदम काढली की कारण विचारायची पद्धत नाही. अख्तरबींनी दारातूनच डोक्यावर पदर घेतला. अंत्यविधीला, म्हणजे मातीला, यायची तयारी ठेवा, असं कुणीतरी गावाकडेही कळवलं.

थोड्याच वेळात माणसं यायला लागली. चपला बाहेर काढून, न बोलता, बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसू लागली. बायका संयोगिताच्या जवळ येऊन तिचा हात हातात घेऊन बसल्या. तिला चेहरे धड दिसत नव्हते. आपल्या डोळ्यांची गल्लीला एवढी काळजी असेल, याची तिला कल्पना नव्हती. तिला भरून आलं. ती म्हणाली, अहो, एवढं काही नाही, व्हायचंच या वयात. त्यावर एकीला हुंदका फुटला.

इलाहींनी हंबीररावांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘मेजर, धीर धरा.’’

हंबीरराव पांढरे पडले. ते उठून संयोगिताजवळ आले आणि तिच्या कानाशी लागले, ‘‘रिपोर्टचं ह्यांना काय कळलंय का? मला सांगंनात कुणी.’’

तेवढ्यात अख्तरबी बुट्टी घेऊन आल्या. तिच्यात भाकरी होत्या, आणि डब्यात पिठलं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात, त्याला आपल्याकडे कडू घास म्हणतात. संयोगिताने आयुष्यभर ही बुट्टी पाहिली होती आणि स्वतःही कित्येकांकडे नेली होती. पण तिला धड दिसत नव्हतं आणि हंबीररावांना धड सुचत नव्हतं. दोघांना एवढंच कळलं की पिठल्यात मीठ आहे. कित्येक आठवड्यांनी जिभेला मीठ लागलं होतं. ती दोघं जेवली, आणि मनापासून जेवली. हंबीररावांनी तिसरी भाकरी मोडली तेव्हा बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. दुःखात कुणाकुणाचं असं होतं, असं इलाही हळूच म्हणाले.

हंबीररावांचा फोन वाजला. फौजेत तोफांजवळ राहून त्यांचे कान जरा जड झाले होते, म्हणून फोन ते नेहमी स्पीकरवरच घेत.

‘‘हंब्या,’’ बनुबाईंचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. ‘‘गावाकडनं भावकीतल्या नाथाजीचा हितं फोन आलावता. माझी माती कवा हाय इचारतोय. मी म्हणलं, मला काय म्हाईत न्हाई बाबा, हंबीरला इचारून सांगती.’’

कोपऱ्यात टेकून ठेवलेल्या काठीकडे सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. मग अख्तरबी दोन्ही हात तोंडावर ठेवून हसायला लागल्या, आणि त्यांना हसताना बघून बाकीच्यांनाही धीर आला. बायकांनी डोळे पुसले. सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला, कारण एकाच वेळी सगळे बोलत होते आणि फोनमधून बनुबाईही बोलत होत्या. कोण कोण आलं होतं, कोण रडलं आणि कोण नुसतंच बसलं, हे त्यांना नावानिशी हवं होतं. पिठलं कसं झालं तेही त्यांनी विचारलं.

‘‘पण मेजर,’’ इलाही म्हणाले, ‘‘मग मिशी का काढली?’’

हंबीररावांनी सांगितलं. अगदी साधेपणाने सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, कलपाची बाधा असेल. बाईंच्या डोळ्यांपेक्षा मिशी काय मोठी न्हाई.

हसणं थांबलं. एक-दोघी बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. हंबीररावांचा हात पुन्हा ओठाच्या वर गेला, तिथे काही नव्हतं, म्हणून तो तसाच वर सरकला आणि भुवईवर थांबला. ते विचारात पडले.

‘‘आयला,’’ ते म्हणाले. ‘‘भुवयांनाबी लावतो की मी कलप. इलाही, तुमचा वस्तरा आणा बरं.’’

‘‘मेजर, आसं करू नका. भुवया न्हाईत म्हटल्यावर माणूस कसा दिसंल?’’

‘‘दिसंल तसा दिसंल. हिला झोप चांगली लागती, मीठ बंद हाय, डोकं उंच हाय. मग ऱ्हायलं काय? एवढंच ऱ्हायलंय. आणा तुमी.’’ आणि ते उजेडासाठी दिव्याखाली जाऊन बसले, चेहरा वर करून, इंजेक्शनला बसलेल्या मुलासारखे डोळे घट्ट मिटून.

संयोगिताने काळा चष्मा काढला. थेंबांचा अंमल उतरत आला होता आणि नवरा तिला आता बराच स्पष्ट दिसत होता. तुळतुळीत डोकं, उघडा पडलेला ओठ आणि त्या सगळ्यात उरलेल्या दोन काळ्या भुवया. ते काढत राहतील, हे तिला कळलं. भुवया गेल्या की आणखी काही. सांगितलं तर दुखावतील म्हणून ती गप्प राहिली होती, आणि त्या गप्प राहण्याने त्यांचं जवळजवळ सगळं तोंड खर्ची पडलं होतं. इलाही उठून उभे राहिले होते. फोन चालूच होता. पलीकडून बनुबाई काय चाललंय ते विचारत होत्या. खोलीत निम्मी गल्ली बसली होती, पण आता गल्ली जायची वाट बघायला वेळ नव्हता.

‘‘इलाहीभाई, बसा,’’ ती म्हणाली.

इलाही बसले. हंबीररावांनी एक डोळा उघडला.

‘‘अहो, भुवया असू द्या. कलपाचं काही नाही, मिठाचंही नाही. तुम्ही नव्हता तेव्हा मला झोप लागत नव्हती, ते खोटं नव्हतं. पण तुम्ही घोरता, आणि लय मोठ्यानं घोरता. मी आजपासून वरच्या खोलीत झोपणार.’’